पुण्याचा संघ, पालघरचा गोलंदाज

१६ मे २०१७ च्या रात्री वानखेडेवर मुंबई इंडियन्स पुण्याच्या संघाकडून २० धावांनी हरले. आयपीएलचा तो पहिला क्वालिफायर सामना होता. रायझिंग पुणे सुपरजायंटच्या १६२ धावांत मनोज तिवारीच्या ५८, अजिंक्य रहाणेच्या ५६ आणि महेंद्रसिंग धोनीच्या नाबाद ४० होत्या. मग सतरा वर्षांच्या वॉशिंग्टन सुंदरनं तीन गडी टिपले, शार्दूल ठाकूरनं तीन. सुंदर चेन्नईचा, तिवारी बंगालचा, धोनी रांचीचा, कर्णधार स्टीव्ह स्मिथ सिडनीचा आणि मालक संजीव गोएंका कोलकात्याचे. पुण्याच्या क्लब क्रिकेटमधून वर आलेला अकरा जणांत एकटा राहुल त्रिपाठी. रहाणे आणि ठाकूर मराठी मुलुखातले खरे, पण एक डोंबिवलीत वाढलेला आणि दुसरा पालघरजवळच्या माहीम गावचा. मुंबईच्या क्रिकेटनं घडवलेले हे दोघं पुण्याच्या जर्सीत, मुंबईच्या मैदानावर, मुंबईला हरवत होते. पाच दिवसांनी हैदराबादच्या अंतिम सामन्यात पुन्हा मुंबईशीच गाठ पडली. १२९ चा पाठलाग करताना पुणे १२८ वर थांबलं आणि तो संघ पुन्हा कधी मैदानात उतरला नाही. दोन हंगाम, तीस सामने, पंधरा विजय, एक अंतिम फेरी, खातं बंद.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘अल्पायुषी’ हा विषय दिला आणि या संघाचं नाव आधी सुचलं. त्याची कागदपत्रं पुण्यात किंवा कोलकात्यात असतील. तो इतक्या सहज का संपला, हे मात्र नालासोपाऱ्यात जास्त स्पष्ट दिसतं. या गावाच्या नावाचा संघ आयपीएलमध्ये नाही, रणजीत नाही, मुंबईच्या टी-ट्वेंटी लीगमध्येही नाही. तरी पहाटेच्या गाडीला इथून क्रिकेटची पिशवी घेतलेली मुलं निघतात आणि गेली अनेक वर्षं निघत आली आहेत. नाव असलेला संघ दोन वर्षांत संपतो आणि नाव नसलेली ये-जा पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते, हे कोडं म्हणावं तर कोडं आहे. या लेखाचं म्हणणं असं, की त्यात कोडं काही नाही. प्रदेशाचा संघ टिकतो तो त्याच्या नावाखाली शाळा, क्लब, मैदान आणि निवड यांची शिडी असेल तर. मालक, पैसा आणि विजयसुद्धा त्यानंतर.

पिशवी आणि गाडी

नालासोपारा म्हणजे वसई रोड आणि विरार यांच्या मधलं स्टेशन, चर्चगेटपासून पंचावन्न किलोमीटरांच्या आसपास. सकाळी इथून चढायचं तर गाडी विरारहून भरूनच येते, म्हणून बरेच जण आधी उलट्या दिशेनं विरारला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. क्रिकेटची पिशवी घेऊन जाणाऱ्याला तर दुसरा मार्गच नाही. बॅट, पॅड, हेल्मेट, थाय गार्ड भरलेली ती लांबट पिशवी गर्दीच्या डब्यात दोन माणसांची जागा खाते आणि तिच्या मालकाला दोन माणसांच्या शिव्याही खायला लावते. म्हणून पुष्कळदा मालडबा गाठला जातो. तिथं वसईच्या पालेभाजीच्या गाठोड्यांना टेकून पिशवी उभी राहते, आणि बोरिवलीपर्यंत पोराची एक डुलकी होते.

हा पोरगा शहरात का जातो, याचं उत्तर मुंबईच्या शालेय क्रिकेटच्या रचनेत आहे. नालासोपारा, वसई, विरार, पालघर हा सगळा पट्टा क्रिकेटच्या नकाशात मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतो. महाराष्ट्र राज्यातून रणजीला तीन संघ उतरतात, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यातला मुंबईचा संघ हा इथल्या मुलाचा संघ. त्याची पहिली पायरी आंतरशालेय आहे. चौदा वर्षांखालच्यांसाठी जाइल्स शील्ड, सोळाखालच्यांसाठी हॅरिस शील्ड, दोन्ही शंभराहून अधिक वर्षं चालत आलेल्या. या स्पर्धा मुलगा एकटा खेळत नाही, त्याची शाळा खेळते. शाळेचा संघ नसेल तर मुलाच्या हाती कितीही कला असो, निवड समितीच्या नजरेला तो पडायचाच नाही. क्रिकेटवर खर्च करणाऱ्या शाळा बांद्रा, बोरिवली, अंधेरी, फोर्ट या भागांत आहेत. त्यामुळे दहिसरच्या पलीकडचा मुलगा आधी शाळा बदलतो, मग जमलं तर घर बदलतो. त्यापुढं वयोगटांचे संघ, पावसाळ्यात कांगा लीग, कंपन्यांच्या संघांसाठी टाइम्स शील्ड, आणि या सगळ्यातून तावून सुलाखून रणजी.

शार्दूल ठाकूरचा रस्ता हाच. पालघरहून येणाऱ्या या मुलाला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी बोरिवलीच्या शाळेत आणलं आणि पुढं त्याची राहण्याची सोय आपल्याच घरी केली. हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारल्याबद्दल तो प्रथम बातमीत आला. पृथ्वी शॉ विरारचा. बांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्डकडून खेळताना नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यानं आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात ५४६ धावा केल्या, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्या खेळीआधीचा विरार ते बांद्रा हा रोजचा प्रवास वडिलांनी धंदा बाजूला ठेवून त्याच्याबरोबर केलेला होता. ठाकूर भारताकडून खेळायला लागल्यावरही, २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर, अंधेरीला लोकल पकडून घरी गेला. डब्यातल्या लोकांचा विश्वास बसेना, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. त्या प्रसंगाचं कौतुक साधेपणाचं म्हणून झालं. खरं तर ज्या गाडीनं तो घडला त्या गाडीनं तो परतला, एवढंच.

ही शिडी गोंडस आहे असं कुणी समजू नये. तिच्यावरून पडणारी मुलं चढणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक. पंधराव्या वर्षी दहावी आणि हॅरिस शील्ड एकाच वर्षात येतात, आणि घरातलं एक माणूस पोराच्या मागं कायमचं अडकतं. नालासोपारा पूर्वेला आचोळे, तुळिंज, संतोष भुवन या भागांत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला लेदर बॉलच्या बॅटची किंमतच कित्येकदा परवडत नाही. ‘लेदरला टाकलंय’ असं मुलाबद्दल सांगणाऱ्या बापाच्या आवाजात अभिमान असतो तसा हप्त्यांचा हिशेबही असतो. शिडी अन्यायाची आहे, दूरची आहे, पण आहे. या रविवारी चांगली गोलंदाजी केली तर पुढच्या रविवारी कुठं जायचं, हे तिच्यावरच्या मुलाला ठाऊक असतं.

फक्कीच्या रेघा

नालासोपाऱ्याचं दुसरं क्रिकेट गावातच राहतं. दिवाळी सरली, भातं निघाली, की पश्चिमेला सोपारा, गास, उमराळे, निर्मळ, वाघोली या गावांच्या आसपास मोकळ्या जमिनीवर रोलर फिरतो, फक्कीनं सीमारेषा आखली जाते, बांबूला हॅलोजन टांगले जातात आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. चार-पाच षटकांचे सामने, म्हणजे दिवसभरात आठ-दहा उरकतात. मंडपात समालोचक एका दमात मराठी, हिंदी आणि आगरी-वाडवळी वळणाचं बोलत राहतो; बक्षिसाची मोटरसायकल मंडपाशेजारी हार घालून उभी असते; सामना यूट्यूबवर थेट जातो आणि आखातात नोकरीला असलेला गाववाला तो मोबाइलवर बघतो.

या स्पर्धांत दोन जातीचे संघ दिसतात, आणि आपल्या विषयासाठी ते बारकाईनं बघण्यासारखे आहेत. पहिला गावाचा किंवा आळीचा. त्याला मालक नाही. वर्गणी निघते, जर्सी कुणीतरी देतो, गेल्या वर्षीचा यष्टिरक्षक यंदा दुबईला गेला तर त्याच्या चुलतभावाला उभं केलं जातं. संघ हरला तर सोमवारी बाजारात टोमणे ऐकावे लागतात. दुसरा संघ लिलावाचा. आयपीएल बघून गावोगाव, कॉम्प्लेक्सोकॉम्प्लेक्सी ‘प्रीमियर लीग’ निघाल्या. त्यात ‘ओनर’ असतात, प्रत्येकाला ठरावीक पॉइंट मिळतात, ‘आयकॉन प्लेयर’ आधी वाटले जातात आणि बाकीच्यांचा हॉलमध्ये लिलाव होतो. संघांची नावं वॉरियर्स, टायटन्स, रॉयल्स. मालक बहुधा बांधकाम किंवा केबलच्या धंद्यातला, कधी निवडणुकीकडे डोळा असलेला. स्पर्धा संपते, संघ संपतो. पुढल्या वर्षी तोच मालक दुसऱ्या नावानं येतो किंवा येतच नाही. मागं उरते ती जर्सी. स्कूटरवरून दूध पोचवणाऱ्याच्या अंगावर ती पुढं वर्षभर दिसत राहते.

लिलावाच्या संघात खेळ वाईट असतो असं मुळीच नाही. उलट बाहेरून आणलेल्या खेळाडूंमुळे तो बरेचदा गावच्या संघापेक्षा सरस असतो. बघायला गर्दीही होते. फरक कळतो तो संघ बंद पडल्यावर. गावाचा संघ उतरला नाही तर विचारणा होते, भांडण होतं, कुणाची वर्गणी कुठं गेली याचा पंचनामा होतो. लिलावाचा संघ उतरला नाही तर आयोजक एक नाव कमी छापतो.

लिलावातलं पुणे

हीच कसोटी पुण्याच्या दोन्ही संघांना लावून बघू. मार्च २०१० मध्ये सहारा उद्योगसमूहानं पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरला घेतला, रुपयांत सुमारे १,७०२ कोटी. आयपीएलमधली तोवरची सर्वांत मोठी बोली ती. पुणे वॉरियर्स नावाचा तो संघ २०११ मध्ये उतरला तेव्हा पुण्यात त्याला मैदान नव्हतं. गहुंज्याचं स्टेडियम तयार व्हायचं होतं, म्हणून घरचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. पुण्याच्या संघाचं घर नवी मुंबईत! पुढच्या वर्षी द्रुतगती मार्गालगत गहुंजे उभं राहिलं, त्यावर सहाराच्या सुब्रत रॉय यांचं नाव चढलं आणि देण्याघेण्याच्या वादात ते उतरलंही. कर्णधार २०११ मध्ये युवराज सिंग, २०१२ मध्ये सौरव गांगुली, २०१३ मध्ये एकाच हंगामात अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर आणि एरन फिंच. ४६ सामन्यांत विजय १२. या संघाच्या नावाशी जोडला गेलेला सर्वांत संस्मरणीय दिवस, २३ एप्रिल २०१३, हा ख्रिस गेलचा आहे. बंगळूरमध्ये त्यानं याच गोलंदाजांना ६६ चेंडूंत नाबाद १७५ झोडल्या. पुढच्याच महिन्यात सहारा बाहेर पडली. सामन्यांची संख्या ९४ धरून बोली लावली होती, प्रत्यक्षात ती सत्तरच्या घरात राहिली, म्हणून शुल्क कमी करा, हा तिचा वाद. भारतीय क्रिकेट मंडळानं हमीची रक्कम वसूल केली आणि ऑक्टोबरमध्ये करार संपवला.

दुसऱ्या पुण्याची जन्मकथा आणखी विचित्र. सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नई आणि राजस्थान यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली, आणि २०१६-१७ पुरते दोन संघ हवे झाले. बोली उलटी होती: मंडळाकडून तुम्ही किती कमी घ्याल? गोएंकांच्या कंपनीनं शून्याच्याही खाली जाऊन उणे १६ कोटींची बोली लावली, म्हणजे मंडळाच्या सामाईक उत्पन्नातला वाटा तर सोडलाच, वर दरवर्षी १६ कोटी देऊ केले. धोनीला साडेबारा कोटींत घेतलं, पहिल्या वर्षी १४ पैकी पाच सामने जिंकले, आठ संघांत सातवा क्रमांक आला. दुसऱ्या वर्षी नेतृत्व स्मिथकडे गेलं, बेन स्टोक्सवर साडेचौदा कोटी लागले, आणि ‘सुपरजायंट्स’मधला शेवटचा ‘स’देखील गळाला. हा ‘स’ कुणी, का काढला यावर तेव्हा जेवढे विनोद झाले तेवढी चर्चा पुण्यात या संघाच्या भवितव्यावर झाली असती तर बरं होतं.

यातला एक तपशील पाण्याचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मराठवाडा दुष्काळानं होरपळत असताना, खेळपट्ट्यांवर लाखो लिटर पाणी ओतण्याविरुद्धच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. टँकरवर दिवस काढणाऱ्या वसई-विरारच्या माणसाला त्या आदेशात वावगं काही वाटणार नाही. पण पुण्याचं काय झालं बघा: उरलेल्या सामन्यांसाठी संघानं आपलं घर विशाखापट्टणमला थाटलं. आंध्रच्या किनाऱ्यावर पुण्याचा संघ ‘घरी’ खेळला आणि स्पर्धेच्या वेळापत्रकाला कुठंही खरचटलं नाही. ज्याचं घर असं बिनतक्रार हजार किलोमीटर हलवता येतं, त्याचं त्या गावाशी नातं काय असणार?

पुण्यात त्या काळात क्रिकेट नव्हतं असं थोडंच आहे. डेक्कन जिमखाना, पीवायसी, पूना क्लब इथं ते शतकभर चाललेलं आहे. केदार जाधव ऐन भरात होता. तो दिल्लीकडून, कोचीकडून, बंगळूरकडून खेळला, पुण्याच्या दोनपैकी एकाही संघाकडून नाही. त्रिपाठी मात्र मिळाला, तोही दहा लाखांच्या किमान बोलीत. त्यानं २०१७ मध्ये ३९१ धावा केल्या; त्यातल्या ९३ कोलकात्याविरुद्ध ईडन गार्डन्सवर ५२ चेंडूंत. संघ मोडल्यावर राजस्थाननं त्याला ३ कोटी ४० लाखांना घेतलं. म्हणजे शिडी पुण्यात होतीच. तिच्या वरच्या पायरीवरून एक फळ तोडून घेतलं गेलं. पायऱ्या दुरुस्त करायला लागणारा वेळ दोन वर्षांच्या मालकाकडे नव्हता, आणि तसं कारणही नव्हतं.

करार आणि चेन्नई

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. पुण्याचे संघ मुळं नसल्यानं गेले हे म्हणणं भाबडेपणाचं. एक शुल्काच्या भांडणात गेला, दुसऱ्याची मुदतच दोन वर्षांची होती. करार संपला, संघ संपला, त्यात शिडी कुठून आली? आक्षेप बरोबर आहे, पण तो संघ कसा संपला एवढंच सांगतो. मुदत संपली म्हणून संपलेल्या गोष्टी चालू राहाव्यात यासाठी माणसं आरडाओरडा करतात. बंद पडणाऱ्या एसटीच्या फेरीसाठी तालुका रस्त्यावर येतो. अंतिम सामन्यात एका धावेनं हरलेला संघ, ज्यानं त्या मोसमात मुंबईला तीनदा हरवलं होतं, तो बंद होतोय म्हणून पुण्यातला एखादा क्लब, एखादी शाळा अडचणीत आली का? कुणाचीही निवड चुकली नाही, एकाही मैदानाचा माळी बेकार झाला नाही. करारानं संघाचा श्वास थांबवला हे मान्य. पण रडायला कुणी नव्हतं, हे कराराच्या कुठल्या कलमात येत नाही.

दुसरा आक्षेप चेन्नईचा, आणि तो जास्त वजनदार आहे. चेन्नई सुपर किंग्जचा तेव्हाचा कर्णधार रांचीचा, मोठे खेळाडू ऑस्ट्रेलिया-वेस्ट इंडिजचे. तरीही दोन वर्षं बंदीत काढून संघ २०१८ मध्ये परतला तेव्हा शहर पिवळं झालं. मग स्थानिक मुळांची गरज काय? इथं मालकाकडे बघावं लागतं. इंडिया सिमेंट्स ही कंपनी आयपीएलच्या कितीतरी आधीपासून चेन्नईच्या लीग क्रिकेटमध्ये होती. तिथले क्लब संघ ती चालवत होती, क्रिकेटपटूंना नोकऱ्या देत होती. धोनीलाही तिनं पुढं उपाध्यक्ष केलं. त्या शहरात आयपीएलचा संघ म्हणजे आधीच उभ्या असलेल्या इमारतीवर चढवलेला मजला होता. मुंबई इंडियन्सचंही थोडं तसंच: खेळाडू कुठलेही असोत, ज्या शहरात चौदा वर्षांच्या पोराच्या शाळेच्या सामन्याची धावसंख्या पेपरात येते, त्या शहराच्या अंगावर ते नाव बसतं. गर्दीचा मुद्दा याहून हलका आहे. गहुंज्यालाही गर्दी झाली होती. नालासोपाऱ्यातल्या लिलावाच्या संघालाही होते.

होळकरांचे चौदा हंगाम

तिसऱ्या आक्षेपाला मात्र इतिहासात थोडं मागं जावं लागतं. शिडीचा एवढा आग्रह कशाला, श्रीमंत माणसानं बाहेरून खेळाडू आणून बांधलेले संघही गाजले आहेत, असं कुणी म्हणेल आणि होळकरांचं नाव घेईल. इंदूरचा होळकर संघ रणजीत १९४१-४२ ते १९५४-५५ असे चौदा हंगाम होता. त्यात चार वेळा अजिंक्य, सहा वेळा उपविजेता. होळकरांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना आणलं, त्यांच्याभोवती मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर असे मोहरे जमवले. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध त्यांनी ८ बाद ९१२ वर डाव सोडला, त्यात सहा शतकं होती. त्याआधीच्या वर्षी ब्रेबोर्नवर मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात युद्धासाठी हिंदुस्थानात आलेला डेनिस कॉम्प्टन त्यांच्याकडून नाबाद २४९ खेळला आणि तरीही होळकर ३७४ धावांनी हरले. त्या एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २,०७८ धावा झाल्या होत्या. आजच्या भाषेत नायडू हे आयकॉन आणि कॉम्प्टन परदेशी खेळाडू. मग गोएंका आणि होळकर यांत फरक तो काय?

फरक बारा महिन्यांचा आहे. होळकरांनी आपल्या खेळाडूंना संस्थानच्या फौजेत हुद्दे दिले. नायडू कर्नल, मुश्ताक अली कॅप्टन. ते इंदूरला राहत, तिथं खेळत, संसार तिथंच करत. इंदूरच्या पोराला मुश्ताक अली फक्त एप्रिल-मेमध्ये टीव्हीवर दिसत नव्हता, तो नेटमध्ये दिसत होता. म्हणूनच संस्थान गेलं, १९५५ मध्ये संघाचं नाव गेलं, आधी मध्य भारत आणि मग मध्य प्रदेश अशी पाटी बदलत गेली, तरी शहरातलं क्रिकेट तिथंच राहिलं. त्यानंतर मध्य प्रदेशाला रणजीसाठी फार थांबावं लागलं हे खरं. १९९८-९९ मध्ये बंगळूरला अंतिम सामना कर्नाटकविरुद्ध हातचा गेला, तेव्हा कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. जून २०२२ मध्ये त्याच मैदानावर मध्य प्रदेशानं मुंबईला हरवून रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला, तेव्हा प्रशिक्षक तेच. होळकर संघही अल्पायुषीच. पण त्याच्या मरणानंतर वारस लागले, वॉरियर्स आणि सुपरजायंटला ते लागले नाहीत. दोन्हीकडे पैसा राजेशाही होता. एका ठिकाणी तो गावात मुरला, दुसऱ्या ठिकाणी वाहून गेला.

वसई-विरारचा संघ काढला तर

नालासोपाऱ्यात, विरारमध्ये, वसईत हल्ली एक मागणी अधूनमधून ऐकू येते: आपलाही संघ हवा. ठाण्याला मिळाला, आम्ही काय घोडं मारलंय? मुंबईच्या टी-ट्वेंटी लीगमध्ये २०१८ ला सहा संघ होते, २०१९ ला ठाण्यासह आठ झाले, मग स्पर्धाच थंडावली आणि २०२५ मध्ये पुन्हा उभी राहिली. परत आली तेव्हा यादीत शिवाजी पार्कचं नाव नव्हतं! ज्या मैदानानं भारताला सर्वांत जास्त खेळाडू दिले असं अभिमानानं सांगितलं जातं, त्याच्या नावाचा संघ दोन हंगामांत गेला. त्यामुळे शिवाजी पार्कावरचं एकही नेट बंद पडलं नाही. शिडीला संघाची गरज नसते, हे याहून स्वच्छ कुठं दिसणार? महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये रत्नागिरीच्या नावाच्या संघानं २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन विजेतेपदं मिळवली, तीही रत्नागिरीत एकही सामना न खेळता. सगळे सामने गहुंज्याला. रत्नागिरीच्या मुलाला त्यातून अभिमान मिळाला असेल, आणि अभिमान ही काही फुकाची चीज नाही. पालघरच्या गोलंदाजाच्या नावापुढं कायम ‘मुंबई’ लागतं, याची खंत इथल्या माणसाला वाटणं रास्तच आहे. पण जर्सीवर ‘वसई-विरार’ छापून आणि वानखेडेवर सामने खेळून ती खंत फार तर एका जूनपुरती शमेल. शिवाय खेळाडूला नावाचं एवढं बंधन वाटत नाही. ५४६ वाला पृथ्वी शॉ २०२५ मध्ये मुंबईचा ना-हरकत दाखला घेऊन महाराष्ट्राच्या संघात गेला.

त्या ५४६ धावांची दुसरी बाजू कुणी फारशी सांगत नाही. रिझवीनं त्या डावात ९९१ केल्या. समोर होती बोरिवलीची सेंट फ्रान्सिस डी’असिसी. पहिल्या डावात तिची शंभरीही भरली नव्हती. दोन दिवस उन्हात चेंडू आणायला धावलेली ती मुलं बातमीत एका ओळीची धनी झाली. पण शिडी उभी राहते ती अशा शाळांमुळे, ज्या मुख्यतः हरायला उतरतात. त्यांच्याविना रिझवी कुणाशी खेळणार होती? दहिसरच्या अलीकडे अशा शाळा आहेत. पलीकडे शाळांची मैदानं इमारतींच्या मधल्या चौकोनाएवढी, लेदर बॉलला लायक विकेट मोजक्या, आणि आहे तो पैसा क्लासच्या जाहिरातीवर जातो. संघाचा मालक शोधण्याआधी नालासोपाऱ्यातल्या एखाद्या शाळेनं जाइल्स शील्डला नाव नोंदवलं, मॅटिंग विकेट, एक रोलर, दोन सामाईक किट आणि आठवड्यातून तीन दिवस येणारा प्रशिक्षक एवढ्याची तजवीज केली आणि पहिल्याच फेरीत सलग पाच वर्षं हरण्याची तयारी ठेवली, तर वसई-विरारच्या संघाचा तो खरा पहिला हंगाम. प्राथमिक फेऱ्यांचे काही सामने असोसिएशनला विरारपर्यंत आणता आले तर पहाटेचा उलटा प्रवास निदान त्या दिवसापुरता उलटेल, आणि बांद्र्याची मुलं पिशव्या घेऊन विरार लोकलमध्ये चढतील. यासाठी लागणारी पहिली सही कुठल्याही मालकाची नाही, मुख्याध्यापकांची आहे. ती करण्याआधी ते विचारणार, की सामन्यांच्या दिवसांत मुलांचा बुडालेला अभ्यास कोण भरून काढणार, आणि पालकसभेत त्याचं उत्तर कोण देणार.